मलमाच्या पाच डब्या

माझं मेडिकल पनवेलला टपाल नाक्याजवळच्या एका गल्लीत आहे. बायका औषधाच्या दुकानात फक्त औषधाला येतात असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस माझ्या काउंटरमागे बसून बघावं. तापाची गोळी घ्यायला आलेली बाई पैसे देऊन झाले की जरा रेंगाळते, मागे कुणी नाही ना बघते आणि हळूच विचारते, "ताई, डोळ्यांखाली लावायला काही आहे का?" पूर्वी कोल्ड क्रीमवर भागायचं. आता मोबाइल बघून बघून सगळ्या निम्म्या डॉक्टर झाल्यात. नायसिनामाइड आहे का, व्हिटॅमिन सी किती टक्के आहे, हायल्युरॉनिक ओल्या चेहऱ्याला लावायचं की कोरड्या, असले प्रश्न मला मेथीच्या जुड्या काखेत धरून विचारले जातात. मी उत्तरं देते. माझ्या स्वतःच्या कपाळावर तीन ठसठशीत आठ्या आहेत, तरी माझ्या सल्ल्यावर यांचा विश्वास कसा बसतो ते मला अजून कळलेलं नाही.

अस्माभाभी मुकादम त्यांतल्याच एक. मागच्या मोहल्ल्यात राहतात, वय सेहेचाळीस. विसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा नवरा, अब्दुल्लाभाई, मस्कतला एका गोदामात कामाला होता. आजही तो मस्कतलाच आहे, फक्त गोदाम बदललं. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. सव्वीस वर्षांच्या संसारात दोघांनी एका छपराखाली काढलेले दिवस जोडले तर अडीच वर्षंही भरत नाहीत. तेवढ्यात दोन मुली झाल्या, वाढल्या, लग्न होऊन गेल्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आणि त्यांचं सगळं भाभीच करतात.

एकदा सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या घेताना मला म्हणाल्या, "ताई, रोज बघणाऱ्याला म्हातारपण दिसत नाही. दोन वर्षांनी बघणाऱ्याला ते एकदम दिसतं. मागच्या वेळी एअरपोर्टवर त्यांनी मला बघितलं आणि पहिलं काय विचारलं माहितीये? तुला बरं नाही का, म्हणाले."

"मग? बरं नव्हतं?"

"मला काही झालं नव्हतं. ती माझी नेहमीची सूरत होती."

हे त्या हसत हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर त्या नवऱ्याकडे बघतच नाहीत. कोपऱ्यातल्या चौकोनात आपलाच चेहरा दिसतो ना, तिकडे बघत बसतात. उजेड समोरून येईल अशी खिडकीतली जागा त्यांनी शोधून ठेवलीय. तो तिकडून जेवलीस का विचारतो आणि या इकडे हनुवटी वर करून गळ्याच्या वळ्या मोजतात. हळद झाली, साय झाली, मसुराचं पीठ झालं. मीच त्यांना सनस्क्रीनवर आणलं, तेही भांडून. सुरकुत्यांवर एकच खात्रीचं औषध आहे आणि ते म्हणजे सुरकुती पडायच्या आधी उन्हापासून तोंड वाचवणं, हे मी रोज दहा जणींना सांगते आणि दहाही जणींना ते फार स्वस्तातलं आणि कंटाळवाणं वाटतं.

भाभींचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. त्या घराण्यातल्या थोरल्या सून. मस्कतहून कुणी गाववाला आला की त्याच्याबरोबर अब्दुल्लाभाई बॅग पाठवतात, आणि ती बॅग अस्माभाभीच उघडतात. साबण, अत्तरं, दूध पावडर, बाम, खजूर, चॉकलेटं, सगळं चटईवर मांडायचं आणि वाटे घालायचे. दोन जावा, नणंद, स्वतःची बहीण आणि भावजय. सख्खी बहीण म्हणून एक साबण जास्त नाही आणि जावेशी अबोला आहे म्हणून एक खजूर कमी नाही. अत्तराच्या बाटल्या तीन आल्या तर त्या इंजेक्शनची सिरिंज आणून अत्तर मोजून देतात. ती सिरिंज माझ्याच दुकानातून जाते. "बॅगेतला हिस्सा चुकला की माणसं तुटतात ताई," असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या नात्यागोत्यात अजून कुणी तुटलेलं नाही ते या चटईमुळेच, यावर त्यांचा पक्का विश्वास आहे.

गेल्या मे महिन्यात अशीच एक बॅग आली. त्याच संध्याकाळी भाभी दुकानात आल्या. पर्समधून एक ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. "मी यांना म्हटलं होतं, तिकडे चांगलं क्रीम मिळतं म्हणतात, बघा जरा. तिथल्या औषधवाल्याने हे दिलं. काय आहे बघा ना."

मी बघितलं. ट्रेटिनॉइन. व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं सगळ्यात तिखट औषध. सुरकुत्यांवर खरोखर काम करतं असं ज्याच्याबद्दल म्हणता येतं त्यातलं एक, आणि म्हणूनच आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. दुकानात तेव्हा सात-आठ माणसं उभी होती, एक मूल भोकाड पसरून रडत होतं. मी भराभरा सांगितलं. रात्री लावायचं, एक दिवसाआड, वाटाण्याएवढंच, तोंड कोरडं करून. पहिले काही आठवडे कातडी सोलवटेल, घाबरायचं नाही. दिवसा सनस्क्रीन चुकवायचं नाही. आणि मग विचारलं, "भाभी, पाळी गेली ना तुमची?"

"दोन वर्षं झाली. का हो?"

"मग काही प्रश्न नाही," मी म्हटलं आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली.

का हो, याचं उत्तर मी दिलं नाही. ते एक वाक्य होतं. पोटात मूल असेल किंवा राहायची शक्यता असेल तर हे लावायचं नसतं, एवढंच. मला ते सांगायची गरज वाटली नाही, कारण समोरच्या बाईला ते लागू नव्हतं. चार महिन्यांनंतर मी ते वाक्य मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मलमाच्या रिकाम्या डब्या आहेत का? पाच द्या." चामडीच्या डॉक्टरांचं मिश्रण करून द्यायला मी त्या पांढऱ्या बुटक्या डब्या ठेवते. झाकणावर दुकानाचं नाव छापलेलं असतं. मी पाच डब्या काढून दिल्या. कशाला हव्यात, हेही विचारलं नाही. मला वाटलं अत्तराचं मेण-बिण काही असेल. आपण सत्तावीस वर्षं गोळ्या मोजत बसलो की माणसांचं डोकं वाचायची सवय जाते.

ट्यूबा एकूण तीन आल्या होत्या. एक त्यांची, आणि दोन वाट्याला. दोन ट्यूबा, पाच बायका. भाभींनी दोन्ही ट्यूबा पिळून पाच डब्यांत सारख्या भरल्या, आणि ट्यूबेबरोबरचा घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद, ज्यात सगळं लिहिलेलं असतं, तो एकाही डबीत जाणं शक्य नव्हतं म्हणून कचऱ्यात गेला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. भाभींचा चेहरा मात्र बदलत होता, हे कबूल केलं पाहिजे. जूनमध्ये नाकाच्या कडेला पापुद्रे सुटले, रोज येऊन "ताई, जळतंय हो" म्हणायच्या. ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या कडेच्या रेषा जरा पुसट झाल्या, गालाला तजेला आला. डिसेंबरात अब्दुल्लाभाई यायचे होते. भाभी आरशात बघून दिवस मोजत होत्या, आणि मला त्यांची थट्टा करायला निमित्त मिळालं होतं. "एअरपोर्टवर ओळखतील ना हो तुम्हांला?" मी विचारायची, आणि त्या पदराआड तोंड लपवल्यासारखं ओढणीत हसायच्या.

गणपती होऊन आठवडा झाला असेल. सकाळी अकराच्या सुमाराला भाभी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. दुकानात कुणी नव्हतं. "तोंड गोड करा ताई. सिद्राला चौथा लागला."

सिद्रा म्हणजे त्यांची भावजय. धाकटा भाऊ आदिल जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, ती दोघं तिथेच राहतात. लग्नाला सात वर्षं झाली. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी अस्माभाभींनी एका साखरपुड्यात कुणाजवळ तरी ते बोलून दाखवलं, वाईट हेतूने नव्हे, पण बोलून दाखवलं. मग ओळखीपाळखीच्या बायका सिद्राचा हात हातात घेऊन हळहळायला लागल्या, आणि सिद्रा वर्षभर नणंदेशी बोलली नाही. हे सगळं मला भाभींनीच रडत रडत सांगितलेलं. यंदा कुठे येणंजाणं सुरू झालं होतं. या खेपेला तिने तीन महिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, आणि मग तिने स्वतः फोन करून सांगितलं ते नणंदेला. भाभींना त्याचंच जास्त सुख झालं होतं.

मी पेढा तोंडात टाकला. भाभी बोलतच होत्या. "आणि चेहऱ्यावर काय नूर आलाय म्हणून सांगू. फोनवर बघितलं मी. तिचे ते पुटकुळ्यांचे डाग गेले सगळे. आपल्या क्रीमची करामत."

"कुठल्या क्रीमची?"

"तेच हो. डबीतलं. मेपासून लावतेय ती, एक दिवस चुकवत नाही. मी सांगितलं होतं ना, एक दिवसाआड लाव. तर म्हणाली, रोज लावलं तर लवकर फरक पडतो."

मी स्टूल ओढलं आणि खाली बसले. मग त्यांना सगळं सांगितलं, मे महिन्यात जे एक वाक्य सांगायला हवं होतं तेही. त्या उभ्याच राहिल्या. पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत.

"म्हणजे बाळाला..."

"होईलच असं नाही. कातडीवर लावलेलं फार थोडं आत जातं. बहुतेक काही होत नाही. पण लावू नये असं सांगतात, आणि तिच्या डॉक्टरला हे कळलंच पाहिजे. आणि लावणं आजच्या आज थांबलं पाहिजे. आत्ता फोन करा."

"फोनवर नको. मी जाऊन सांगते. डबी घेऊन येते."

"कधी?"

"उद्या," भाभी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना ताप होता. तिसऱ्या दिवशी नणंद आली होती. मी विचारलं की त्या माझ्याकडे न बघता उत्तर द्यायच्या. मला कळत होतं. दोन गेलेली, आता तिसऱ्याचं काही बरंवाईट झालं तर सगळी बोटं एकाच दिशेला वळणार होती. नणंदेने दिलं. नणंदेने मुद्दाम दिलं, असं म्हणणाराही कुणीतरी निघाला असता. चटईवर बसून एकेक साबण मोजून देणाऱ्या बाईच्या नशिबी हे येणार होतं. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेच्या नादात मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरले की आदिलचा नंबर माझ्याकडेही आहे. त्याच्या आईची औषधं वर्षानुवर्षं मीच द्यायची. फोन उचलायचा आणि बोलायचं, एवढंच होतं. मी उचलला नाही. दुसऱ्याच्या घरगुती भानगडीत आपण कशाला पडा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण म्हणजे डबीच्या झाकणावर माझ्या दुकानाचं नाव होतं.

चौथ्या दिवशी मला दुकानात बसवेना. गोळ्यांच्या पट्ट्या दोनदा चुकीच्या दिल्या, गिऱ्हाइकाने परत आणून दिल्या. दुपारी दोनला शटर ओढलं आणि थेट मोहल्ल्यात जाऊन भाभींच्या दारात उभी राहिले. "चला. मी येते बरोबर." त्यांनी काही विचारलं नाही. शेजारणीला सासूबाईंजवळ बसवलं आणि चपला घातल्या.

स्टँडवरून जासईवरून जाणारी उरणची एसटी मिळाली. गव्हाण फाट्याच्या पुढे ट्रेलरच्या रांगा लागल्या होत्या, गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. भाभी खिडकीशी बसून पुटपुटत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मी तिला सांगते की क्रीमची तारीख उलटलीये. म्हणून परत न्यायला आले. मग तिला धक्का बसणार नाही."

"आणि डॉक्टरला कोण सांगणार?"

"अल्लाह मालिक आहे. तुम्हीच म्हणालात ना, बहुतेक काही होत नाही."

माझेच शब्द माझ्या तोंडावर.

आदिल-सिद्राचं घर यार्डाच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं. सिद्राने दार उघडलं. एकतीस वर्षांची, उंच, जरा फिकट. चेहरा खरोखर तुकतुकीत दिसत होता. आणि नाकाशेजारी मला एक बारीकसा पापुद्रा दिसला, तो ओळखायला मला भिंग लागलं नाही. "आपा, तुमी? आणि ताईपण?" तिने आनंदाने भाभींना मिठी मारली. सरबत केलं, खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला दिलं. भाभी सरबताचा पेला धरून पाच-दहा मिनिटं काहीबाही बोलल्या. उलट्या होतात का, झोप लागते का, मासे खावेसे वाटतात का. बाहेर ट्रेलर गेला की पेल्यातलं सरबत थरथरायचं.

शेवटी म्हणाल्या, "अगं, ती क्रीमची डबी कुठंय? तिची तारीख उलटलीय. ताई म्हणाल्या. मी परत न्यायला आले."

सिद्रा आत गेली आणि आरशाच्या फळीवरून डबी घेऊन आली. पांढरी, बुटकी, झाकणावर माझ्या दुकानाचं नाव. उघडून दाखवली. तळाला अजून बोटभर शिल्लक होतं. भाभींनी हात पुढे केला.

"पण आपा, तारीख गेली तर काय झालं?" सिद्रा म्हणाली. "तोंडाला नाय लावणार. टाचांना लावते. टाचा लय फुटल्यात माज्या. मस्कतची वस्तू कोण फेकतंय?"

आणि तिने झाकण लावून डबी परत आपल्या मुठीत घेतली.

भाभी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, की ताई, तुम्ही काहीतरी म्हणा, तुम्ही औषधवाल्या, काहीतरी शास्त्राचं बोला आणि ही डबी तिच्या हातातून सोडवा. मी बोलू शकले असते. टाचांनाही नको, जुनं औषध जळजळतं, असलं काही मला जागच्या जागी सुचलं होतं. मग आम्ही दोघी डबी घेऊन एसटीत बसलो असतो आणि पुढच्या सहा महिन्यांत ते मूल कसं जन्माला येतं याची वाट बघत राहिलो असतो, दोघीच. मला ते नको होतं. मी तोंड उघडलं नाही.

"टाचांना नको," भाभी म्हणाल्या. "सिद्रा, तारीख उलटलेली नाही. मी खोटं बोलले. ते लावायचं नव्हतं तुला. पोटात बाळ असताना लावायचं नसतं ते. मला माहीत नव्हतं. खुदाची कसम, देताना मला माहीत नव्हतं."

सिद्रा पलंगाच्या कडेवर बसली. आधी पोटावर हात ठेवला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोटांवर महिने मोजले. मे, जून, जुलै, ऑगस्ट. मी पुढे होऊन सांगायला लागले, की फार थोडं आत जातं, घाबरू नकोस, उद्याच डॉक्टरला भेट. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुमाला कदी कळलं?" तिने नणंदेला विचारलं.

भाभींनी मान खाली घातली. "चार दिवस झाले."

"चार दिवस," सिद्रा म्हणाली. "मी कालपण लावलं."

उठून तिने डबी भाभींच्या हातात दिली, पेले उचलले आणि आत जाऊन विसळायला लागली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. आम्ही दोघी दार लोटून निघून आलो.

मी स्टॉपवरूनच आदिलला फोन केला आणि माझ्याकडून जे जे चुकलं ते सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते दोघं पनवेलला डॉक्टरीणबाईंकडे आले. बाईंनी सांगितलं ते आदिलने मला कळवलं. तोंडाला लावलेल्या क्रीमचा अंश रक्तात फार कमी उतरतो. चुकून लावलं गेलेल्या बायकांची मुलं नीट जन्मल्याचंच बहुधा दिसलं आहे. पण शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही. एकोणिसाव्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी असतेच, तेव्हा हृदय, चेहरा, कान नीट बघून घेऊ. ते आता लावायचं नाही, आणि उगाच मोबाइलवर काही शोधायचं नाही.

मोबाइलवर सिद्राने शोधलं की नाही मला माहीत नाही. अस्माभाभींनी शोधलं. रोज येऊन मला एकेक दाखवायच्या. "ताई, इथे लिहिलंय कान लहान होतात." "ताई, ही बाई म्हणते तिच्या मुलाला काही झालं नाही. खरं असेल?" मी सांगायची की ते पोटात घ्यायच्या गोळ्यांबद्दल लिहिलंय, हे लावायचं आहे, दोन्ही वेगळं. त्या मान हलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायच्या. बाकीच्या चार डब्या त्यांनी घरोघर जाऊन गोळा केल्या आणि का ते प्रत्येकीला खरं सांगितलं. व्हायचं तेच झालं. धाकटी जाऊ म्हणाली, तरीच म्हटलं ही एवढं महागाचं फुकट कशी वाटतेय. भाभींनी ते ऐकून घेतलं. स्वतःची ट्यूबही त्यांनी बंद केली. मी म्हटलं, तुम्हांला काही धोका नाही, तुम्ही लावा. म्हणाल्या, "हात जात नाही तिकडे." सनस्क्रीनसुद्धा सुटलं. महिनाभरात डोळ्यांखाली काळं आलं, गाल बसले. अब्दुल्लाभाई व्हिडिओवर काही म्हणाले असतील तर त्यांनी ते मला सांगितलं नाही. जासईला त्या रोज फोन करायच्या. सिद्रा उचलायची नाही.

आणि मी? मी काउंटरवर एक नियम केला. समोरचीला लागू असो नसो, व्हिटॅमिन ए च्याच घराण्यातलं रेटिनॉल मागणाऱ्या प्रत्येकीला ते एक वाक्य सांगायचंच. साठीच्या एका बाईने मला विचारलं, "अहो, मला कशाला सांगताय हे?" मी म्हटलं, "घरी सून आहे ना? तिला सांगा." पण असे नियम करून रात्री झोप लागते असं काही नाही.

सोनोग्राफीचा दिवस उजाडला. सेंटर आमच्याच रस्त्यावर आहे. भाभींना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून त्या सकाळी दहापासून माझ्या दुकानात, आतल्या बाजूच्या स्टुलावर येऊन बसल्या. चहा मागवला तो गार झाला. साडेअकरा झाले, बारा झाले. एवढा वेळ का लागतो, हे त्यांनी मला पाच वेळा विचारलं असेल. बाळ पालथं असलं की थांबावं लागतं, असं मी पाचही वेळा सांगितलं, आणि पाचव्या वेळी माझाच त्यावर विश्वास उरला नव्हता. फोन समोर ठेवला होता. त्या त्याला हात लावत नव्हत्या, नजरही काढत नव्हत्या. सव्वा वाजता मी रिपोर्टचं काय झालं म्हणून आदिलला फोन लावणार, तेवढ्यात सिद्रा एकटीच दुकानाच्या पायऱ्या चढून आली.

तिने भाभींना बघितलं होतं. पण आधी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "लोहाच्या आणि कॅल्शियमच्या. महिन्याच्या द्या." मी चिठ्ठी घेतली, पण कपाटाकडे वळायचं सुचेना.

"आदिल रिक्षा बघायला गेलेत," ती म्हणाली. मग आत बघून म्हणाली, "आपा, मशिनीत दिसतं तेवढं सगळं ठीक हाय. दोन येळा बघितलं त्यांनी. कान हायत, ओठ हायत. काळीज चालतंय."

दोन्ही हातांनी तोंड झाकून भाभी स्टुलावरच वाकल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. माझेही डोळे भरून आले, मी ते लपवले नाहीत. सिद्रा मात्र रडली नाही. ती काउंटरला टेकून उभी होती, पोट आता जरा दिसायला लागलं होतं.

"पण माजी भीती गेली नाय," ती म्हणाली. "डॉक्टरीण बोलली तरी नाय गेली. बाळ हातात येईस्तोवर जाणार नाय. आदिलला सांगितलं की ते म्हणतात, ठीक हाय सांगितलं ना, मग आता कशाला? अम्मीला सांगितलं तर ती म्हणते, असं तोंडातून काढू नकोस. तुमाला वाटते का अजून?"

भाभींनी तोंडावरचे हात काढले. "रोज वाटते. सकाळी उठले की पहिली तीच वाटते."

सिद्राने मान हलवली, जणू तिला तेवढंच ऐकायचं होतं. मी गोळ्या पाकिटात घालून तिच्यापुढे ठेवल्या. ती जायला वळली आणि पायरीवर थांबली.

"मग दुपारी फोन करा," ती म्हणाली. "आदिल कामावर असतात तवा. मी उचलीन."